हुंगायचा गुलाब

बागेत कुठला गुलाब लावावा, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी काही जाणकार नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळं पुस्तकातलं सांगावं तर तेही जमत नाही. पण आमच्या दारातल्या गुलाबाच्या वासानं रस्त्यानं जाणारा माणूस थबकतो आणि विचारतो, खत काय घालता, पाणी किती दिवसांनी, छाटणी केव्हा. यातल्या एकाचंही उत्तर मला देता येत नाही. लोकांना वाटतं, हा लपवतोय. लपवण्यासारखं त्यात काय आहे? झाड आपलं आपण जगतं. ते मी निवडलं कसं, तेवढं मात्र सांगता येईल. आणि ते सांगायचं तर एका बाईबद्दल सांगावं लागेल.

गोष्ट येरमाळ्याजवळच्या एका गावातली. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात आला होता. गावच्या सरकारी दवाखान्यावर मराठी पाटी लागली होती, पण तिच्या रंगाखालची जुनी उर्दू अक्षरं ऊन पडलं की वर यायची. तिथं मला ड्रेसरची नोकरी लागली. ड्रेसर म्हणजे जखमा धुणारा आणि पट्ट्या बांधणारा. दिवाळीच्या आधी तेरखेड्याकडून शोभेच्या दारूनं भाजलेले हात यायचे, सुगीत विळ्यानं कापलेली बोटं यायची, आणि ती सगळी माझ्या वाट्याला. गाव मला कंपौंडर म्हणायचं. सुरुवातीला मी दुरुस्त करायचो, मग सोडून दिलं. मी घाटाखालचा, कोकणातला. घर इतकं लांब की रजा मिळाली तरी निम्मी वाटेतच सरायची. त्या वयात मला सारखी धास्ती असे. शिक्षण नाही, ओळखपाळख नाही. उद्या कुणी ‘तू नको’ म्हणालं तर जायचं कुठं? म्हणून जो कुणी मला माणसासारखं वागवी, त्याच्याबद्दल मनात इतकं साठून येई की त्याच्यासमोर धड शब्द फुटत नसे.

असं वागवणारी पहिली म्हणजे दवाखान्यातली नर्सबाई. हैदराबादची, ख्रिस्ती, पन्नाशीकडं झुकलेली. बोलणं दक्खनी, मराठी मधेमधे. डॉक्टरांकडं आणखीही गावं होती, ते आले तर आले. एरवी दवाखाना म्हणजे बाईच. मागच्या अंगाला बाळंतपणाची खोली होती. लोखंडी खाट, पांढरी चादर, बाहेर उघडणारी एक मोठी खिडकी. ती खोली रोज फिनेलनं पुसली जायची आणि रोज रिकामी राहायची. गावातल्या बाया उंबऱ्यापर्यंत येत आणि पदर नाकाला लावून माघारी जात. “आत जाववत न्हाय माय, मेल्या घरावानी वास येतोय,” म्हणत. बाळंतपणं घरीच व्हायची. अगदीच अडलं की मग बाईंना बोलावणं यायचं.

आमच्याकडंही तसंच झालं होतं. पहिल्या खेपेला माझी बायको घरीच अडली. शेजारणींनी होईल होईल म्हणत वाट पाहिली, आणि बाई पिशवी घेऊन धावत आल्या तेव्हा उशीर झाला होता. मूल गेलं. बायको वाचली ती बाईंमुळं. पण तिच्या मनात त्या दिवसाचं जे राहिलं तो होता बाईंच्या पिशवीचा आणि हातांचा वास, फिनेलचा, आयोडोफॉर्मचा. तोच वास माझ्या सदऱ्याला असायचा. मी दवाखान्यातून आलो की परसात आंघोळ करून, कपडे बाहेरच दोरीवर टाकून घरात पाऊल टाकायचो. तरी एखाद्या दिवशी ती जेवता जेवता उठून जाई. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले. श्रावण लागला होता. बाईंना कळल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावून घेतलं.

“इस बार घर में नक्को,” त्या म्हणाल्या. “सुन रहे ना भाई? मागच्या टायमाला मी वेळेवर आले असते तर बच्चा बी राहिला असता. आता तिला इथंच आणायचं. घरात परत तसंच अडलं तर तुमची बीबी बी हातात लागणार नाही. साफ सांगते.”

“पण ती ह्या खोलीत पाय ठेवायची नाही, बाई. तिला हा वास...”

“फिनेल मैं छोडने वाली नै. फिनेल सोडलं तर माझी खोली आणि पाटलाचा गोठा, फरक काय?”

 बायकोला आई नव्हती. माहेरी सावत्र कारभार, त्यात घाट उतरून जायचं. तिकडं पाठवायचा प्रश्नच नव्हता. बाई खिडकीशी गेल्या. खाली नुसती उघडी जमीन होती, मुरूम आणि दोन दगड.

“यहाँ गुलाब लगाव,” त्या म्हणाल्या. “पन वासवाला. देखने का नक्को. आणि नखरेवाला बी नक्को. पखालीचं पाणी मी झाडाला देणार नाही, माझ्या आंघोळीचं पाणी हाय. तेवढ्यावर जगला तर जगू दे.”

“कुठला लावू?”

“वो तुम देखो. मेरे कू गुलाब म्हणजे गुलकंद मालूम.”

माझ्या बायकोच्या जिवाला त्या एका झाडाचा टेकू द्यायला निघाल्या होत्या. पण दुसरं कुणी काहीच सुचवत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलेलं करायचं नाही हे माझ्या डोक्यात येणंही शक्य नव्हतं.

आधी मी केलं ते कुणीही करील तेच. सडकेवर सरकारी बंगला होता, साहेब लोक उतरायचे तिथला. त्याच्या आवारात कलमी गुलाब होते. काळपट लाल, वाटीएवढं फूल, पाकळ्या जणू इस्त्री करून लावलेल्या. तिथल्या खानसाम्यानं एक रोप डबड्यात घालून दिलं आणि वर इतकं बजावलं की तान्ह्या मुलाबद्दलही कुणी एवढं बजावत नाही. सावली करा, मुळ्या मोकळ्या करा, कीड बघा, पावसात झाका. मी सगळं केलं. पहिली कळी उमलल्यावर बाईंनी नाक लावलं.

“कागज है ये,” म्हणाल्या.

त्यातच झाडणारीनं सवयीनं फिनेलची बादली खिडकीखाली रिकामी केली. पानं काळी पडली, झाड गेलं. मला रडूच यायचं बाकी होतं. बाई म्हणाल्या, “अच्छा हुआ. वास तर नव्हताच, जीव बी नव्हता.” आणि बादली रिकामी करायची जागा त्यांनी त्याच दिवशी बदलून घेतली.

मग मी दर्ग्यापाशी गेलो. तिथला गुलाब असा की कुंपणाशी उभं राहिलं तरी वासानं डोकं भरून जाई, असं लोक सांगायचे. मी गेलो तेव्हा मात्र झाडावर नुसती पानं. मुजावर भला माणूस. म्हणाला, “ये चैती है. चैत में आना, चादर भर के फूल देखना. बाकी साल भर काँटे.” मी परत येताना बोटांवर महिने मोजले. आमचे दिवस फाल्गुनात भरत होते. चैत्रात वास घेऊन मी काय करणार होतो?

गावात तिसरा गुलाब एकच होता, गुरवाच्या परसात.

गुरवाच्या घरात तेव्हा एक म्हातारी होती, गुरवाची आई. महादेवाला बेल-फूल तीच पोचवायची. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं एक जाळी माजली होती. तिला झाड म्हणावं की कुंपण, कळू नये. फुलं मध्यम, गर्द गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या, मधे नुसता गोंधळ. बंगल्यावरच्या गुलाबाच्या शेजारी ठेवलं असतं तर हे झोपेतून उठून आलंय असं वाटलं असतं. सकाळची वेळ होती. म्हातारी परडी आणायला आत गेली तेवढ्यात मी वाकलो आणि एका फुलाला नाक लावलं.

“ओ कंपौंडर, नाक काढा. आधी नाक काढा तिथनं.”

मी दचकून मागं झालो. सदऱ्याची बाही काट्यात अडकली.

“वास बघत होतो, मावशी.”

“देवाच्या आधी तुमी? लई मोठं झालात की. सरकारी नोकरीत तसला बी भत्ता असतो व्हय?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? आमच्या कोकणातही हेच. आई परडी घेऊन येताना आम्ही श्वास रोखून बाजूला व्हायचो. पण झाडं बघत हिंडता हिंडता माझं देवाचं भान सुटलं होतं आणि नाक तेवढं राहिलं होतं.

“एकाच फुलाला लावलं, मावशी. तेवढं सोडा, बाकीची घ्या.”

“तुमचं नाक कुठं कुठं फिरलं मला काय ठावं? मी आत होते.”

“मग मधमाशा नाही का बसत फुलावर?”

“मधमाशीला दवाखान्याचा पगार हाय का? तिला नेम हाय का? तुमाला हाय.”

त्या दिवशी तिनं त्या जाळीचं एक फूलही खुडलं नाही. कण्हेर घेतली, झेंडू घेतला आणि गुलाब तसेच ठेवले. जाताना म्हणाली, “आता न्या घरी. बायकूला द्या. उष्ट्या फुलांचं मी काय करू?” मी ओंजळभर फुलं घेतली, आणि मेल्याहून मेल्यासारखा होऊन तिथंच उभा राहिलो.

“का थांबलाव?”

“मावशी, एक विचारू? तुम्ही इतकी वर्षं फुलं काढता. कुठल्या फुलाला वास आहे, कुठल्याला नाही, हे तुम्हाला कळतं कसं?”

ती चमकली. मग हसली. “म्या हुंगती की. पर देवानं हुंगल्यावर. उद्या सकाळी देवळात या. निर्माल्य काढताना.”

दुसऱ्या दिवशी गेलो. गाभाऱ्याच्या बाहेर तिनं कालच्या फुलांची दुरडी पुढं ठेवली. योगायोगानं बंगल्यावरच्या खानसाम्यानंही आपले कलमी गुलाब आदल्या सकाळी देवाला पाठवले होते. तिची स्वतःची फुलं दुरडीच्या तळाशी राहिलेली होती, पण ती परवाची, कारण कालची मी बाटवली होती. अभिषेकाचं पाणी, समईची काजळी, कापराचा धूर, सगळं त्या फुलांनी अंगावर घेतलेलं. मी कलमी गुलाब उचलून नाकाशी नेला. ओल्या फडक्याचा वास. मग तिचं परवाचं फूल, सुरकुतलेलं, कडा काळ्या पडलेल्या. त्यात वास होता. ताज्या फुलाइतका धावून येणारा नव्हता, पण पाकळ्या चुरल्या की आतून येत होता, मुरलेला, गोडसर.

मी दोन्ही हात दुरडीत घातले आणि पुन्हा पुन्हा वास घेतला. आजही कुणी गुलाब निवडायला आलं की मी म्हणतो, ताजं फूल बघून ठरवू नका, शिळं हुंगून बघा. ताजेपणी बरीच फुलं बोलतात.

“हाच द्या, मावशी.”

“देते. बुडातनं फुटवा निघतो, मुळासकट. पर पहिलं फूल महादेवाला. न हुंगता.”

“कबूल.”

“आन तुमच्या त्या दवाखान्याचं इखारी पाणी त्याला नगं. न्हाणीचं पाणी घाला. साबणाचं असलं तरी त्याला चालतं.”

फुटवा लावला तेव्हा भादवा सरत आला होता; आज आमच्या दारात आहे तो त्याचाच पुढचा फुटवा. त्यानंतर त्या झाडाचे जे हाल झाले ते सांगायला मला लाज वाटते. शेळीनं दोनदा खाल्लं. एकदा खिडकीची दुरुस्ती करणाऱ्या गवंड्यानं त्यावर विटा रचल्या. मी दरवेळी धावत बाईंकडं जायचो आणि बाई म्हणायच्या, “अगर मरने वाला है तो मरेगा. तुम क्यों मर रहे?” ते काही मरायला तयार नव्हतं. शेळीनं एक फांदी खाल्ली की बुडातून दोन यायच्या. बाईंच्या आंघोळीच्या बादलीवर ते खिडकीच्या कठड्यापर्यंत आलं, आणि मार्गशीर्षात त्याला कळी धरली.

पहिलं फूल मी देवळात पोचवलं. हात लांब करून, मान वळवून चाललेला माणूस बघून चावडीवर बसलेल्यांनी विचारलं, “कंपौंडर, काय इंचू धरलाय का काय?” मी तोंडही उघडलं नाही, न जाणो श्वास घ्यावा लागायचा.

घरी मी बायकोला रोज झाडाचं सांगायचो. तिनं ऐकून घेतलं, आणि एक दिवस शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही कितीही फुलं लावा. खोली तीच आहे ना?” पोट दिसायला लागलं होतं. तिनं शेजारणीकडून जुनी लुगडी मागून आणून धुऊन ठेवली होती. म्हणजे तिच्या मनानं घरातच होणार होतं. ती लुगडी दोरीवर वाळताना दिसली की मी तिकडं न बघता परसात जायचो.

त्यात फुलं राहीनात. पौष लागला तसं झाड भरून फुलायला लागलं, आणि येडाईच्या, म्हणजे येरमाळ्याच्या देवीच्या, दर्शनाला जाणाऱ्या बाया पहाटे पहाटे जाता जाता सगळी फुलं खुडून न्यायच्या. मंगळवार-शुक्रवारी तर कळीसुद्धा ठेवायच्या नाहीत. मी बाभळीच्या काट्या लावल्या. त्यांनी त्या सरळ बाजूला रचून ठेवल्या, नीट, वाटेत कुणाला लागू नयेत म्हणून. बोलायची सोय नव्हती. “कंपौंडर, देवीलाच चाललीत. तुमचं बी नाव घेऊ,” असं एकीनं वर सांगितलं. खिडकीत वास यायचा तो पानांचा.

मी बाईंना म्हणालो, दुसरीकडं लावू या. आणि बोलता बोलता गुरवाच्या म्हातारीनं माझं नाक कसं बाहेर काढलं ते सांगून बसलो. बाई आधी नुसत्या ऐकत होत्या. मग इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “सूंघा हुआ फूल नै चलता? सच्ची?”

दुसऱ्या सकाळी, शुक्रवार होता, बाया परड्या घेऊन आल्या तेव्हा बाई आधीच झाडापाशी उभ्या होत्या. पांढरं लुगडं, गळ्यात क्रूस. सगळ्यांच्या देखत त्यांनी पहिल्या फुलाला नाक लावलं. मग दुसऱ्या. घाई नाही. मान वाकवून, डोळे मिटून, एकेका फुलापाशी थांबत त्या झाडाभोवती फिरल्या. वरची फुलं फांदी वाकवून हुंगली. कळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. मी दाराशी उभा राहून बघत होतो. देवाधर्माचं काही वाकडं होतंय असं मला मुळीच वाटलं नाही. मला ती बाई पूजाच करतेय असं वाटलं.

“आवं बाई, झाड बाटवलंत की सगळं,” एक म्हातारी म्हणाली.

“हां माँ. अब ये देवी का नै. अब ये इन्सान का है. येव.”

“काय म्हंती ती?”

“हुंगायला बलावती,” दुसरी म्हणाली.

कुणी हललं नाही. मग त्यांच्यातली एक कोवळी पोर, बहुधा नवी नवरी, परडी खाली ठेवून पुढं झाली. तिनं आधी मागं वळून सासूकडं पाहिलं. सासू म्हणाली, “माज्याकडं काय बघतीस? उष्टंच हाय आता.” पोरीनं नाक लावलं आणि तशीच राहिली. बाकीच्या चेष्टा करायला लागल्या. “अगं सोड, आत वढून घेशील पाकळ्या.” मग एकेक करून सगळ्या आल्या. ती म्हातारी शेवटी आली. तिनं फूल दोन्ही हातांत धरलं आणि पुन्हा पुन्हा हुंगलं. मग म्हणाली, “इतक्या वरसांत पयल्यांदा. झाडावरचं फूल कदी हुंगलंच न्हाय बगा. देवाला द्यायचं म्हनून नाक फिरवूनच खुडलं.”

पुढं तो रिवाजच झाला. सकाळी बाई आधी झाड ‘उष्टं’ करत आणि मग बाया येत. येडाईला जाणाऱ्या, विहिरीवर जाणाऱ्या, काही काम नसलेल्याही. काही दिवसांनी बाईंनी खोलीत, खिडकीच्या आतल्या बाजूला एक बाकडं टाकलं. “बाहर ऊन है. अंदर बैठो, हवा अंदर आती,” म्हणायच्या. आणि खरंच सकाळच्या वाऱ्यानं वास आत यायचा. फिनेल होतंच, पण त्याच्या अंगावर हा दुसरा वास येऊन बसायचा. बाया बाकड्यावर बसायच्या, पाय हलवत बोलायच्या, आणि बोलता बोलता बाई कुणाचं पोट बघायच्या, कुणाच्या डोळ्यांची पापणी ओढून बघायच्या. लोखंडी खाटेवर पिशव्या ठेवल्या जायला लागल्या. त्या खोलीची भीती अशी वापरून वापरून झिजत गेलेली मी बघितली.

माझी बायको येत नव्हती. शेजारीण तिला सांगायची, “मालकांच्या झाडाला नाक लावून आलो, तुमीच तेवढ्या राह्यलाव.” ती हसून टाळायची. माघात एका सकाळी मी एका म्हाताऱ्याची पट्टी सोडत असताना खिडकीपाशी ओळखीचं लुगडं दिसलं. शेजारणीचा हात धरून ती झाडाशी उभी होती. मी पाहिलं नाही असं केलं. म्हाताऱ्याचं बोट मात्र मी सोडायच्या ऐवजी पुन्हा बांधत सुटलो. “कंपौंडर,” तो म्हणाला, “माजं बोट हाय ते, गाठोडं न्हाय.”

ती पहिल्या दिवशी आत गेली नाही. दुसऱ्या खेपेला उंबऱ्यावर बसली. त्यानंतर कधी बाकड्यावर बसली ते मला कळलं नाही. मी चौकशी केली असती तर ती उठून आली असती, असं मला वाटत राहिलं. एवढं खरं की धुऊन ठेवलेली लुगडी तिनं एक दिवस गाठोड्यात बांधली आणि मला म्हणाली, “हे बाईंकडे नेऊन ठेवा.” ते गाठोडं मी दवाखान्यात असं नेलं जणू आत काचेचं काही आहे.

फाल्गुनात, भर दुपारी, ती आपल्या पायांनी चालत आली. शेजारीण बरोबर होती. बाईंनी मला दारातच अडवलं. “जाव, किसी की पट्टी बांधो.” त्या दुपारी गावात कुणाला काही लागलं नव्हतं. मी जुन्या पट्ट्या उकळून, वाळवून, गुंडाळून, पुन्हा उलगडून गुंडाळत बसलो. आतून बाईंचा आवाज येत होता, दटावणारा, मधेच लाडीगोडीचा. बायकोचा आवाज येत नव्हता, आणि मागच्या खेपेलाही शेवटी शेवटी तो आला नव्हता, हे मला आठवत होतं. ऊन कलायला लागलं. मग रडणं ऐकू आलं. पातळ, चिडलेलं, थांबायला तयार नसलेलं रडणं.

बाई हात पुसत बाहेर आल्या. “बेटी,” म्हणाल्या. “दोनो ठीक. तुम बैठो, गिर जाव गे.”

मला त्यांचे आभार मानायचे होते. मनात किती दिवस वाक्यं जुळवून ठेवली होती. मी म्हणालो, “पट्ट्या उकळल्या आहेत.”

“अच्छा किया,” त्या म्हणाल्या.

ती दहा दिवस त्या खोलीत राहिली. घरी आणल्यावर एकदा मी विचारलं, खिडकी उघडी होती ना, वास येत होता ना गुलाबाचा?

“कुठला हो गुलाब,” ती म्हणाली. “मला नुसता बाईंच्या हातांचा वास येत होता. त्या जरा लांब गेल्या की तो कमी व्हायचा, मग मी हाक मारायची.”

बारशाला आमच्याकडचं कुणी येणं शक्य नव्हतं. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. बायको म्हणाली, बाईंना बोलवा. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. गुरवाची म्हातारी बाळाच्या डोक्याला कुंची घेऊन आली होती, ती म्हणाली, “बघताव काय? त्या पोरीला पयला हात कुणाचा लागलाय?” 

बाई आल्या, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून. पाळण्यापाशी बसल्या. काय करायचं ते चौघींनी चार तऱ्हांनी सांगितलं. त्यांनी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव असं खणखणीत घेतलं की रस्त्यावरचा बैल थांबला असेल. बाळ दचकून रडायला लागलं.

“आवं, हळू. कानात सांगायचं असतंय,” म्हातारी म्हणाली.

“पन उसकू सुनना तो चाहिए ना,” बाई म्हणाल्या, आणि बाळाला उचलून खांद्याला लावलं.